वर्षातून एकदा प्रवास करणाऱ्या घरानं कुठलं कार्ड घ्यायचं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत ट्रॅव्हल क्रेडिट कार्डांवर अर्धं पान आलं होतं, ते मी दोनदा वाचलं आणि आमच्या ह्यांनाही वाचून दाखवलं. माहिती भरपूर होती, कुठल्या कार्डावर किती लाउंज (विमानतळावरची खायला-बसायला वेगळी खोली), किती माइल्स (विमानाच्या तिकिटाला वापरायचे पॉइंट), हॉटेलात किती सूट, सगळं. पण वाचताना सारखं वाटत होतं की हे महिन्यातून दोनदा विमानात बसणाऱ्या माणसासाठी लिहिलंय. आमच्यासारखी घरं, म्हणजे वर्षातून एकदा रेल्वेनं कुठंतरी लांब जाणार, दोन-तीन वर्षांतून एकदा विमान, आणि बाकी सगळं एसटीनं नाहीतर घरच्या गाडीनं नरसोबाची वाडी, पंढरपूर, तुळजापूर, अशी घरं महाराष्ट्रात किती आहेत बघा, आणि कार्ड विकणारे तर आमच्याच मागे सगळ्यात जास्त लागतात. आमचा हिशोब कुणीच मांडत नाही म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, जमेल तेवढं छापा.

मी सांगलीत एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बावीस वर्षं काम करतेय. व्याज, दंड, मुदत हे माझं रोजचं काम. तरीही आमच्याच घरात हे झालं, म्हणून जास्त लागलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आम्ही दोघं हरिद्वार-ऋषिकेशला निघालो होतो, दिल्लीपर्यंत विमान. सिक्युरिटी चेक करून आत गेलो तर टाय लावलेला एक मुलगा हातात टॅब घेऊन आला, अगदी गोड बोलणारा, "काका, लाउंजमध्ये फुकट जेवण, तीन हजाराचं व्हाउचर, कार्ड फ्रीच आहे, फक्त आधार आणि पॅन दाखवा". मी पाणी भरायला गेले होते तेवढ्यात ह्यांनी ओटीपी सांगून पण टाकला. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला टार्गेट असणार. पण "फ्री" म्हणजे काय ते त्यानं सांगितलं नाही आणि ह्यांनी विचारलं नाही. नोव्हेंबरमध्ये कार्ड आलं आणि पहिल्याच स्टेटमेंटला २,९९९ रुपये फी, त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ३,५३८ रुपये ८२ पैसे लागलेले. फ्री होणार होतं ते वर्षाला तीन लाख खर्च केला तर.

बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एका बँकेपुरतं नाहीये.

बरं, तीन हजाराचं व्हाउचर मिळालं, म्हणजे फी वसूल झाली असं ह्यांचं म्हणणं होतं. ते व्हाउचर एका ठराविक वेबसाइटवर, ठराविक रकमेच्या वरच्याच विमान-हॉटेल बुकिंगला चालणारं, आणि मुदत सहा महिने. आम्ही नुकतेच प्रवास करून आलेलो, सहा महिन्यांत पुन्हा कोण कुठं जाणार? मे महिन्यात ते व्हाउचर तसंच संपलं. खरं सांगायचं तर अख्खं प्रकरण मला तिथंच कळलं. ट्रॅव्हल कार्डावर जे जे मिळतं त्याला मुदत असते, आणि कमी प्रवास करणाऱ्याचा प्रवास त्या मुदतीत बसत नाही. व्हाउचर सहा महिन्यांचं, लाउंज तिमाहीचं, पॉइंट दोन किंवा तीन वर्षांचे, आणि आमचा प्रवास लेकरांच्या परीक्षा, शेतातली कामं, कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण हे सगळं बघून कधीतरी ठरतो.

मग मी एक केलं, ते सगळ्यांनी करावं असं मला वाटतं. आमच्याकडे जुनी कॅलेंडरं टाकत नाहीत, स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला एकावर एक लावलेली असतात, दुधाचा हिशोब, गॅस कधी लावला, कोण कधी आलं-गेलं सगळं त्या चौकोनात लिहिलेलं. मी तीन वर्षांची काढली, टेबलावर पसरली आणि लाल पेनानं प्रवासाच्या तारखांना गोल केले. तीन वर्षांत विमान दोनदा, लांबची रेल्वे चारदा, त्यातली दोनदा स्लीपरनं, आणि गाडीनं किंवा एसटीनं एकवीस वेळा. एकवीस! म्हणजे आमचा खरा प्रवास कुठला, तर ज्याच्यावर कुठलंच ट्रॅव्हल कार्ड काही देत नाही तो. पेट्रोल भरलं की बहुतेक कार्डांवर पॉइंट मिळत नाहीत, फक्त एक टक्का सरचार्ज माफ होतो आणि तो पण ठराविक रकमेच्या मधे बिल बसलं तर. एसटीचं म्हणाल तर मार्च २०२३ पासून बायकांना तिकीट अर्धं, ६५ ते ७५ वयाला अर्धं आणि ७५ च्या पुढं मोफत, एवढी सूट कुठल्या कार्डानं मला कधी दिलेली नाही. उलट रेल्वेची ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० ला बंद झाली ती अजून चालू नाही, म्हणून ज्येष्ठ मंडळी कार्डावरच्या सवलतींकडे जास्त आशेनं बघतात. ती आशा चुकीची आहे असं मी म्हणत नाही, पण आधी कॅलेंडर बघावं.

कॅलेंडरनंतर स्टेटमेंटं घेऊन बसले. पहिल्या वर्षभरात त्या कार्डावर आमचा खर्च १ लाख ८० हजार. त्यातले पेट्रोल, विम्याचा हप्ता, लाईट बिल धरून ४८ हजार पॉइंटमध्ये धरलेच नव्हते, अटींमध्ये बारीक अक्षरात होतं. राहिले १ लाख ३२ हजार. दीडशे रुपयाला दोन पॉइंट, म्हणजे १,७६० पॉइंट. आकडा मोठा वाटतो ना? ह्यांना पण वाटला. एका पॉइंटची किंमत पंचवीस पैसे, म्हणजे ४४० रुपये. ते रिडीम करायला, म्हणजे वापरून घ्यायला, ९९ रुपये चार्ज अधिक जीएसटी, म्हणजे जवळपास ११७. हातात ३२३ रुपये, आणि फी भरली ३,५३९. नुसत्या पॉइंटातून ती फी वसूल करायची तर दहा लाख साठ हजारांची खरेदी करावी लागली असती. आमच्या घराचा सगळा मिळून वर्षाचा खर्च तेवढा नाही. तेच १ लाख ३२ हजार सरळ एक टक्का कॅशबॅक देणाऱ्या, फी नसलेल्या साध्या कार्डावर गेले असते तर १,३२० रुपये बिलातच कमी झाले असते, आणि त्याचं तिकीट काढा नाहीतर तांदूळ आणा, आपली मर्जी.

म्हणून कार्ड घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की एक पॉइंट म्हणजे किती पैसे आणि कशावर खर्च केला तर. तोच पॉइंट विमानाच्या तिकिटाला एक किमतीचा, शॉपिंग व्हाउचरला दुसऱ्या आणि रोख घेतला तर तिसऱ्याच किमतीचा असतो. विकणारा नेहमी सगळ्यात मोठी किंमत सांगतो, आणि ती मिळते त्यांच्याच पोर्टलवर विमान किंवा हॉटेल बुक केलं तर. तिथलं तिकीट बाहेरपेक्षा महाग नाही ना तेही बघावं लागतं. वर्षाला चार विमानं धरणारा माणूस हे सगळं सांभाळतो आणि त्याला खरंच फायदा होतो, मी नाही म्हणत नाही. माझा भाचा हैदराबादला नोकरीला आहे, कंपनीच्या कामानं सारखा फिरतो, त्याचं महागडं कार्ड त्याला परवडतं. आमचं गणित वेगळं.

लाउंजचं पण सांगते, कारण आमच्या वयाची माणसं लाउंजच्या नावावरच फसतात. त्याच भाच्याच्या लग्नाला जानेवारी २०२५ मध्ये आम्ही विमानानं गेलो, ह्यांनी आठ दिवस आधीपासून सगळ्यांना सांगून ठेवलेलं की लाउंजमध्ये नाश्ता करू, घरून काही घेऊ नका. सोबत माझ्या सासूबाई, वय ७८. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड मशीनला लावलं, दोन रुपये कापायचा प्रयत्न झाला, मशीननं नाही म्हणलं. परत लावलं, परत नाही. ती पोरगी बिचारी हळू आवाजात म्हणाली, "काकू, मागच्या तिमाहीत पन्नास हजार खर्च नसेल तर होत नाही". आमचा झाला होता एक्केचाळीस. मागे रांग, सासूबाई काठी टेकून उभ्या, आणि ह्यांचा चेहरा बघवेना. २०२४ पासून बऱ्याच बँकांनी ही अट आणली, आधीच्या तिमाहीत कुठं ३५ हजार, कुठं ५०, कुठं ७५ हजार खर्च केला तरच लाउंज. त्याची ईमेल आली होती म्हणे, शोधली तर सापडली पण, अटींमधल्या बदलांची लांबलचक ईमेल आणि त्यात हे मधे कुठंतरी. वर्षातून एकदा विमानात बसणाऱ्यानं त्या एका सकाळसाठी आधीचे तीन महिने पन्नास हजार खर्च करायचे? त्यापेक्षा धपाटे आणि दही घरून न्यावं, सासूबाई तेच म्हणत होत्या.

आता एका विमान कंपनीच्या नावाचं कार्ड, म्हणजे को-ब्रँडेड. कमी प्रवास करणाऱ्यानं हे घ्यायच्या आधी दहादा विचार करावा. जेट एअरवेजची किती कार्डं होती लोकांकडे, चांगल्या चांगल्या बँकांबरोबर, आणि १७ एप्रिल २०१९ ला जेटचं शेवटचं विमान उडालं. विस्तारा पण १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. लोकांचे पॉइंट बुडाले असं नाही, विस्ताराचे एअर इंडियाच्या कार्यक्रमात गेले, पण ज्या कंपनीच्या तिकिटासाठी कार्ड घेतलं ती कंपनीच राहिली नाही. जो महिन्याला उडतो तो पॉइंट साठले की लगेच वापरून मोकळा होतो. आम्ही साठवत बसतो, तीन वर्षांनी एकदा काश्मीरला जाऊ म्हणून, आणि तीन वर्षांत विमान कंपन्यांचं काय काय होतं ते आपण बघितलंय. त्यातून सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला एकाच कंपनीचं विमान सोयीच्या वेळेला मिळेल याची काय खात्री?

रेल्वेचं मात्र जरा वेगळं आहे, आणि तुमच्या लेखात रेल्वेवर दोनच ओळी होत्या याचं मला वाईट वाटलं. आपल्याकडे लांबचा प्रवास म्हणजे आधी रेल्वे. मिरज जंक्शन जवळ असल्यामुळे आमची तर सगळी भिस्त त्यावरच. आयआरसीटीसीच्या नावानं स्टेट बँकेच्या कार्ड कंपनीचं जे कार्ड आहे त्याच्या प्लॅटिनम प्रकारात पहिली फी ५०० आणि पुढं वर्षाला ३०० अशी मी बघितली, वर जीएसटी. एसी फर्स्ट, टू टियर, थ्री टियर, चेअर कारचं तिकीट आयआरसीटीसीच्या साइटवर काढलं तर दहा टक्क्यांपर्यंत पॉइंट परत, एक पॉइंट म्हणजे एक रुपया, आणि ते पॉइंट पुन्हा रेल्वे तिकिटालाच वापरायचे. समजा घरातल्या चौघांची वर्षाला बारा हजाराची एसी तिकिटं होतात, तर हजार-बाराशे परत आणि फी साडेतीनशे, हा हिशोब बसतो. पण स्लीपरला हे दहा टक्के नाहीत, ते एसीपुरतंच. म्हणजे आमच्या चार प्रवासांतले दोनच मोजले जाणार, म्हणून आम्ही नाही घेतलं. ज्यांची पोरं पुण्या-मुंबईला किंवा बेंगळुरूला आहेत आणि थ्री टियरनं वर्षातून तीन-चारदा जाणं-येणं आहे त्यांनी जरूर बघावं, अर्थात त्या दिवशीच्या अटी स्वतः वाचून, कारण या अटी कधीही बदलतात.

आणि एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. आयआरसीटीसीवर एसी तिकिटाला यूपीआयनं पैसे भरले तर सुविधा शुल्क २० रुपये, कार्डानं भरले तर ३०, स्लीपरला १० आणि १५, वर जीएसटी. शिवाय साध्या क्रेडिट कार्डावर गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या यंत्रणेचा, एक टक्क्याच्या आसपास चार्ज वेगळा लागतो. म्हणजे ज्या कार्डावर एक टक्कासुद्धा परत मिळत नाही त्यानं रेल्वे तिकीट काढलं तर पॉइंट मिळूनही आपण तोट्यात. अशा वेळी सरळ यूपीआय करावं.

परदेशाचं थोडक्यात लिहिते, कारण तो प्रसंग आमच्यासारख्यांना आयुष्यात एक-दोनदाच. माझी बहीण जावयाकडे सिंगापूरला जाऊन आली, तिथं कार्डानं लाखभराची खरेदी केली, तर वर ४,१३० रुपये जास्त लागले. साडेतीन टक्के परकीय चलनाचा (फॉरेक्सचा) मार्कअप, म्हणजे जादा आकार, आणि त्याच्यावर जीएसटी. घरी आल्यावर कळलं. असल्या प्रवासाच्या आधी झिरो फॉरेक्स मार्कअप आणि वार्षिक फी नाही असं एखादं कार्ड काढावं. फेडरल बँकेबरोबरचं स्कॅपिया तसं आहे, आयडीएफसी फर्स्टचं एफडी ठेवून मिळणारं कार्ड पण तसंच बघण्यात आलं. एफडीवरचं कार्ड पगार नसलेल्या बायकांना, पेन्शनवाल्यांना पण मिळतं आणि एफडीचं व्याज चालूच राहतं. तिथल्या दुकानात मशीननं "रुपयात देणार का" असं विचारलं तर नाही म्हणायचं, तिथल्याच चलनात द्यायचं, रुपयात दर वाईट लावतात. आणि नवीन कार्ड परदेशात आपोआप चालत नाही, ॲपमध्ये जाऊन चालू करावं लागतं, परत आल्यावर आठवणीनं बंद करावं.

पण संपादक साहेब, ज्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते आता. पतसंस्थेत माझ्या टेबलासमोर माणसं सोनं घेऊन बसतात, गेल्या काही वर्षांत त्यातल्या कितीतरी जणांना सोनतारण कर्ज कशाला हवं असतं तर क्रेडिट कार्डाचं बिल भरायला. एक बाई आल्या होत्या, नाव-गाव सांगत नाही. केरळला कुटुंबानं फिरून आले, साठ हजार खर्च कार्डावर टाकला कारण पॉइंट मिळतील आणि पुढच्या ट्रिपला विमान फुकट होईल. बिल आलं, मिनिमम ड्यू, म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, तीन हजार दिसलं, तेवढंच भरलं. त्यांना वाटलं झालं. त्या कार्डाचं व्याज महिन्याला पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४५. साठ हजारावर महिन्याला साधारण २,२५० व्याज आणि त्यावर ४०५ जीएसटी. आणि पॉइंट किती मिळाले? आमच्या कार्डाच्या हिशोबानं धरले तर ८००, म्हणजे दोनशे रुपये. एका महिन्यात दोनशेसाठी अडीच हजारांच्या वर गेले. शिवाय बिल पूर्ण भरलं नाही की पुढच्या खरेदीला ते पन्नास दिवसांपर्यंतचं बिनव्याजी राहत नाही, दुसऱ्या दिवशी आणलेल्या किराण्यावर पण व्याज चालू होतं. हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. सहा महिने त्यांनी मिनिमम भरलं आणि मग आईच्या पाटल्या घेऊन आमच्याकडे आल्या. मी पावती लिहिताना त्या पाटल्यांवरनं बोट फिरवत होत्या, ते अजून डोळ्यासमोर आहे. क्रेडिट कार्डाच्या व्याजाला वर्षाला तीस टक्क्यांची मर्यादा असावी असा ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल होता, तो डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केला, त्यामुळे तिकडूनही आता आधार नाही. ज्याला दर महिन्याला पूर्ण बिल भरणं जमणार नाही त्यानं ट्रॅव्हल कार्डच काय, कुठल्याच पॉइंटांच्या नादी लागू नये, प्रवासासाठी आवर्ती ठेव काढावी. माझं हे म्हणणं कडक वाटेल पण रोज समोर बघते म्हणून बोलते.

जे कार्ड घेतलंय आणि नको झालंय ते ठेवूनही देऊ नका, पुढच्या वर्षीची फी लागते. आमचं तेच झालं, नोव्हेंबर २०२४ ला दुसऱ्यांदा ३,५३८ रुपये गेले. लग्नाहून आल्यावर मी बसून बंद करायला लावलं. फोन केला की पलीकडून ऑफर सुरू होतात, "फी अर्धी करतो, पाचशे पॉइंट देतो", ह्यांचं मन परत विरघळत होतं. मग मी ईमेल लिहिली आणि त्यात रिझर्व्ह बँकेचा नियम घातला. एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, १ जुलै २०२२ पासून लागू झालेले, त्यात स्पष्ट आहे की बाकी काही नसेल तर बंद करायच्या अर्जावर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यायचा. सहाव्या दिवशी बंद झाल्याचा मेसेज आला. त्याच निर्देशांत आहे की न मागता कार्ड देता येत नाही, दिलं आणि बिल लावलं तर ते पैसे परत आणि वर दुप्पट दंड. कार्ड जारी झाल्यापासून तीस दिवसांत चालू केलं नाही तर बँकेनं ओटीपीनं संमती मागायची, नाही दिली तर विनाखर्च बंद करायचं. म्हणजे विमानतळावर, मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर भिडेखातर हो म्हणून बसला असाल तरी कार्ड घरी आल्यावर विचार करायला जवळपास महिना आहे, लगेच पिन तयार करू नका. अर्जाबरोबर एका पानाचं की फॅक्ट स्टेटमेंट द्यायचं पण बंधन आहे, त्यात फी आणि व्याज असतं, ते मागून घ्या. बँक दाद देत नसेल तर तक्रार करून तीस दिवस थांबायचं आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं, फोन १४४४८.

आम्ही शेवटी काय घेतलं असं विचाराल तर आजन्म फी नसलेलं, कॅशबॅक देणारं एक साधं कार्ड. त्यावर विमानाचं चित्र नाही, लाउंज नाही. मिळणारे पैसे बिलातच वजा होतात, त्याला मुदत नाही की पोर्टल नाही. लिमिट दोन लाख दिलं होतं ते सांगून साठ हजारावर आणलं. ऑटो पेमध्ये (खात्यातून आपोआप बिल भरायच्या सोयीत) मिनिमम नाही, टोटल ड्यू, म्हणजे पूर्ण बिल टाकलं, हे नक्की बघा कारण बऱ्याच वेळा फॉर्ममध्ये मिनिममवर टिक आधीच असते. वर्षभरात जे हजार-बाराशे सुटतात ते मी पोस्टाच्या खात्यात वेगळे टाकते, त्याच खात्यात महिन्याला हजार रुपये घरातले.

आता तुम्हाला विनंती. पुढच्या वेळी असं कोष्टक छापाल तेव्हा त्यात एक रकाना आमच्यासाठी ठेवा. वर्षाला दीड-दोन लाख कार्डावर खर्च, एक रेल्वे प्रवास, दोन वर्षांतून एक विमान, अशा घराला जीएसटीसह फी वजा जाऊन हातात किती रुपये राहतील, एवढंच. पॉइंटात नको, रुपयात. आणि पॉइंटांची मुदत किती ते त्याच्या शेजारी. बँकांनाही तुमच्यामार्फत सांगावंसं वाटतं की स्टेटमेंटवर "१,७६० पॉइंट" छापता तसं त्याच्यापुढं "म्हणजे ४४० रुपये" एवढं छापायला काय हरकत आहे? आम्ही पतसंस्थेत सातवी शिकलेल्या माणसाला पासबुकात शेवटच्या पैशापर्यंत दाखवतो.

यंदा दिवाळीनंतर सासूबाईंना घेऊन काशीला जायचं ठरलंय, थ्री टियरची तिकिटं साठ दिवस आधी सुटतात, त्या तारखेला कॅलेंडरवर मी आत्ताच लाल गोल करून ठेवलाय.

आपली एक नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली